याप्य व्याधी आणि आशेची चिकित्सा

कर्करोगाचे निदान प्रथम होते तेव्हा घरावर आकाश कोसळते, हे खरेच. परंतु त्या वेळी रुग्णापुढे एक आखलेला मार्ग असतो. शस्त्रकर्म, केमोथेरपी, किरणोपचार, त्यानंतर काही वर्षे गोळ्या. एवढे सोसले की आपण सुटलो, या समजुतीच्या बळावर रुग्ण ते सारे सहन करतो. काही वर्षांनी तोच व्याधी पुन्हा उद्भवला की ही समजूत मोडते. ‘सगळे सांगितल्याप्रमाणे केले, तरीही?’ हा त्या वेळी विचारला जाणारा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने केव्हा ना केव्हा ऐकला असेल. पहिल्या आजारात रुग्णाचे शरीर पोळते. पुनरुद्भवात त्याची श्रद्धा पोळते. अशा रुग्णाशी व त्याच्या सहचराशी वैद्याने कसे वागावे, आशा द्यावी ती कशाची द्यावी, याचा विचार एका दांपत्याच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. नाव व गाव अर्थातच दिलेले नाही.

शास्त्राची भूमिका

अर्बुद म्हणजे आजचा कर्करोग असे सरसकट समीकरण मांडणे योग्य नाही. तरीही पुनरुद्भवाची जाण आपल्या आचार्यांना होती, हे निश्चित. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अध्यर्बुद व द्विरर्बुद असे दोन प्रकार सांगितले आहेत. आधी झालेल्या अर्बुदावर दुसरे उत्पन्न होते ते अध्यर्बुद. एकाच वेळी किंवा क्रमाने जोडीने उत्पन्न होते ते द्विरर्बुद, आणि ते असाध्य. चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात तर ते स्पष्ट बजावतात की, अर्बुद काढताना दोष शेष राहिला तर ते लवकरच पुन्हा होते. विस्तवाचा अंश शिल्लक ठेवण्यासारखेच ते आहे.

आधुनिक शास्त्रही हेच वेगळ्या परिभाषेत सांगते. स्तनाच्या कर्करोगात, विशेषतः ज्यात पेशी स्त्रीसंप्रेरकांना प्रतिसाद देतात त्या प्रकारात, सूक्ष्म पेशी वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतात. पाच वर्षे उलटली म्हणजे धोका संपला असे नसते. दहा-पंधरा वर्षांनीही व्याधी डोके वर काढू शकतो. तो त्याच जागी किंवा लगतच्या लसीका ग्रंथींत उद्भवला तर पुन्हा बरे करण्याच्या हेतूने उपचार करणे अनेकदा शक्य असते. अस्थी, फुप्फुस, यकृत अशा दूरच्या अवयवांत पोहोचला तर समूळ नाश सामान्यतः होत नाही. मात्र दीर्घकाळ आवर घालता येतो.

येथे चरकाचार्यांचे साध्यासाध्य विवेचन फार उपयोगी पडते. सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात साध्याचे सुखसाध्य व कृच्छ्रसाध्य, आणि असाध्याचे याप्य व अनुपक्रम असे दोन-दोन भेद केले आहेत. याप्य व्याधी बरा होत नाही. परंतु आयुष्य शेष असेल तर पथ्यसेवनाने रुग्णाला काही सुख लाभते आणि अल्प कारणानेही व्याधी उसळतो. सुश्रुताचार्यांनी यालाच पडू लागलेल्या घराला नीट लावलेल्या टेकूची उपमा दिली आहे. टेकू आहे तोवर घर उभे. काढला की कोसळले. असाध्य शब्द ऐकला की आपल्या मनात एकदम अनुपक्रम उभा राहतो आणि हात आखडले जातात. त्या दोहोंच्या मध्ये याप्याची जी विस्तीर्ण भूमी आहे, तिच्यातच पुनरुद्भवाच्या बहुसंख्य रुग्णांचे पुढील आयुष्य जाते.

कटिशूलामागचा व्याधी

सातारा जिल्ह्यातील हे दांपत्य. पती प्राथमिक शाळेतील निवृत्त शिक्षक, पत्नी अंगणवाडी सेविका. गावात दोघांना ‘गुरुजी’ आणि ‘बाई’ म्हणूनच ओळखत. घरात वारकरी परंपरा. दोघांच्या गळ्यात तुळशीची माळ. २०११ मध्ये बाईंना डाव्या स्तनाचा कर्करोग झाला. मुंबईत शस्त्रकर्म, केमोथेरपी व किरणोपचार झाले. नंतर पाच वर्षे संप्रेरकरोधक गोळ्या झाल्या. गोळ्या संपल्या त्या दिवशी गुरुजींनी गावात पेढे वाटले होते.

२०१९ च्या आरंभी बाई कंबरदुखीसाठी माझ्याकडे आल्या. वय सत्तावन्न. गुडघे, कंबर यांच्या तक्रारी या वयात नित्याच्या. गावातील कोणीही याला वातच म्हटले असते आणि बाईही तेच म्हणत होत्या. परंतु वेदना रात्री वाढत होती, विश्रांतीने कमी होत नव्हती आणि मणक्यावर एका ठिकाणी बोट ठेवताच बाई कळवळल्या. पूर्वी स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीत अशी नवी, टिकून राहणारी अस्थिवेदना तपासणीवाचून वातव्याधी ठरवू नये, हा नियम. त्यांना लेप किंवा बस्ती न देता मूळ उपचार झाले त्याच रुग्णालयात तपासणीसाठी पाठविले. अस्थींच्या स्कॅनमध्ये कटिप्रदेशातील मणक्यांत व श्रोणीत व्याधी पोहोचल्याचे आढळले.

हा मुद्दा थोडा विस्ताराने मांडतो, कारण असे रुग्ण बहुधा आपल्याकडेच प्रथम येतात. अस्थी पोखरलेल्या असतील तर जोराने केलेले मर्दन किंवा मणका ‘बसविण्याचा’ प्रयत्न अस्थिभंगाला निमंत्रण ठरतो. पाठदुखीबरोबर पायांतील शक्ती कमी होणे, कमरेखाली बधिरता येणे, मूत्र अडणे किंवा मलमूत्रावरील ताबा जाणे, यांपैकी काहीही दिसले तर मज्जारज्जूवर दाब आल्याची शक्यता असते. तेथे दिवस नव्हे, तास मोलाचे. उशीर झाल्यास पाय कायमचे जातात. अतिशय तहान, मलावष्टंभ, ग्लानी व बरळणे ही लक्षणे एकत्र दिसली तर रक्तातील कॅल्शियम वाढल्याचा संशय घ्यावा आणि रुग्णाला तातडीने रुग्णालयात धाडावे.

सत्य किती सांगावे?

अहवाल आल्यानंतर गुरुजी एकटेच आले. म्हणाले, “डॉक्टर, हाडात गेलंय हे तिला कळू देऊ नका. खचेल ती.” दुसऱ्या दिवशी बाई शेजारणीला घेऊन आल्या आणि तिला बाहेर बसवून म्हणाल्या, “ह्यांच्यापुढे जास्त बोलू नका. ह्यांना झेपायचं नाही.” मला सगळे ठाऊक आहे हे त्यांना कसे कळले, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “रिपोर्ट वाचला मी. वीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं भरली, एवढं वाचता येतं मला.”

एकमेकांना जपण्यासाठी एकमेकांपासून लपविणे ही पुनरुद्भवातील फार मोठी आणि फार प्रेमळ अशी अडचण आहे. तिच्यामुळे दोघेही एकाच घरात एकटे पडतात. चरकाचार्यांनी इंद्रियस्थानाच्या अखेरच्या अध्यायात वैद्याला सावध केले आहे की, मृत्यूची चिन्हे दिसली तरी न विचारता ती बोलून दाखवू नयेत आणि विचारले तरी ज्यामुळे रुग्णाला किंवा इतरांना आघात होईल असे बोलू नये. काही जण याचा अर्थ ‘रुग्णाला अंधारात ठेवावे’ असा घेतात. मला तो तसा वाटत नाही. आयुष्याची मुदत जाहीर करू नये, हा त्याचा आशय. व्याधीचे स्वरूप लपवून रुग्णाचे सहकार्य कसे मिळणार? सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात रुग्णाचे जे चार गुण सांगितले आहेत, त्यांत सूचना पाळणे आणि आपली अवस्था नीट सांगता येणे हे आहेतच. शिवाय निर्भयताही आहे. अज्ञानात ठेवलेला रुग्ण निर्भय होत नाही. तो प्रत्येक कुजबुजीला घाबरतो.

दोघांना एकत्र बसविले आणि सांगितले, “हा आजार मुळासकट निघून जाईल असे नाही. पण औषधाने तो दाबून ठेवता येतो. किती काळ, हे मी किंवा दुसरे कोणी आज सांगू शकणार नाही.” सुश्रुतांच्या टेकूची उपमाही सांगितली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग गुरुजी म्हणाले, “आमच्या मागल्या सोप्याला टेकू लावून बारा वर्षं झाली. अजून उभा आहे.” बाई हसल्या. त्या दिवसापासून त्या घरात औषधाला ‘टेकू’ म्हणू लागले.

श्रद्धा आणि पथ्य

मणक्यावर किरणोपचार झाले, नव्या संप्रेरकरोधक गोळ्या सुरू झाल्या आणि अस्थींच्या बळकटीसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडची सलाईनमधून द्यावयाची मात्रा ठरली. याच सुमारास एका नातलगाने खात्रीशीर गुण देणाऱ्या कोणा औषधवाल्याचे नाव आणले. अट एकच: रुग्णालयाच्या गोळ्या बंद. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहे; तरीही असे दावे तोंडोतोंडी फिरतातच. गुरुजींनी मला विचारले, “तुम्हीच तुमची भस्मं का देत नाही? म्हणजे त्या गोळ्या थांबवू.”

या क्षणी वैद्याची परीक्षा असते. रुग्णाचा विश्वास पूर्ण असतो, आपल्या शास्त्राचा अभिमानही असतो. मी सांगितले, “टेकू एका बाजूचा काढून दुसऱ्या बाजूला लावायचा नसतो. त्या गोळ्या चालूच राहतील. त्यांच्या सोबतीने भूक, झोप, पोट आणि बळ एवढे मी सांभाळतो.” बाईंनी विषय संपविला: “विठ्ठलानं गोळ्या बंद कर असं मला तरी सांगितलं नाही.”

आयुर्वेदाचे काम त्यानंतर कमी झाले नाही, नेमके झाले. प्रत्येक योजना कर्करोगतज्ज्ञांना लेखी कळवून केली. शतावरीसारखी, स्त्रीसंप्रेरकसदृश कार्याची शंका असलेली द्रव्ये या प्रकारात टाळली. यकृत व वृक्क यांच्यावर आधीच औषधांचा भार असल्याने धातुयुक्त कल्प दिले नाहीत. अग्नीनुसार मऊ भात, मुगाचे कढण, ताजे ताक, बेताचे तूप. रात्री हलक्या हाताने पादाभ्यंग. पुढे २०२२ च्या अखेरीस गोळ्यांची केमोथेरपी सुरू झाली. तिच्यामुळे तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटू लागले. तेव्हा रुग्णालयाने मात्रा कमी केली आणि त्यांच्या संमतीने आपण शतधौत घृताचा लेप दिला. दाह सुसह्य झाला. एवढेच, परंतु हातांची आग होत असलेल्या बाईला ताटातला घास आपल्या हाताने उचलता आला, हे लहान नव्हे.

एकादशीचा प्रश्न कठीण होता. बाई निर्जळ एकादशी करीत. वजन उतरत होते. उपवास सोडा असे म्हटले असते तर त्यांनी मला सोडले असते. म्हणून उपवास मोडला नाही, बदलला: दर दोन-तीन तासांनी राजगिऱ्याची खीर, शिंगाड्याची पेज, ताक, शहाळे, आणि गोळ्या चुकवावयाच्या नाहीत. त्रिविध चिकित्सेत चरकाचार्यांनी दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय यांना एका पंक्तीत बसविले आहे. व्रत आणि पथ्य एकमेकांना मारक होणार नाहीत हे पाहणे वैद्याच्या युक्तीचे काम आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. मुंबईच्या फेऱ्या थांबल्या. तज्ज्ञांशी दूरध्वनीवर बोलून अस्थींचे इंजेक्शन जिल्ह्याच्या ठिकाणी देण्याची सोय झाली. त्या वर्षी पायी वारी निघाली नाही आणि ज्ञानोबांच्या पादुका एस. टी. बसने पंढरपूरला गेल्या. इतकी वर्षे वारीत चालणाऱ्या बाईंना आपण आता चालू शकत नाही याचे मोठे दुःख होते. ती बातमी ऐकून त्या म्हणाल्या, “माउली एस. टी.नं जाते, मग मला कसली लाज?” २०२२ मध्ये पायी वारी पुन्हा सुरू झाली, तेव्हा गुरुजींनी त्यांना गाडीने चांदोबाचा लिंब येथे नेले. पालखीमार्गावरील पहिले उभे रिंगण तेथे होते. कमरेला पट्टा, बसायला खुर्ची, पिशवीत गोळ्या आणि लिंबूपाणी, एवढ्या तयारीने त्यांनी अश्व धावताना पाहिला. ‘पुढचे रिंगण’ ही त्या काळातील त्यांची आशा होती. ‘पूर्ण बरी होईन’ ही नव्हती. पहिली आशा आपल्याला चिकित्सेने खरी करून दाखविता येते. दुसरीचे वचन देणारा वैद्य रुग्णाला पुढच्या प्रत्येक अहवालागणिक नव्याने निराश करतो.

काम हेही आशेचेच रूप आहे. पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि त्यांचे पती डॉ. अनिल अवचट यांचे उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. कर्करोगाशी झुंजत असतानाही डॉ. अनिताताईंनी केंद्राचे काम चालू ठेवले. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले, केंद्र मात्र आजही चालू आहे. आमच्या बाईंचे काम लहान होते. ओसरीवर शेजारची पाच-सहा मुले घेऊन बसायचे आणि त्यांच्याकडून बडबडगीते म्हणून घ्यायची. ज्या दिवशी मुले येत, त्या दिवशी वेदनेची नोंद कमी असे. हे मी अंदाजाने लिहीत नाही; गुरुजींच्या वहीत आहे.

सहचर हाच उपस्थाता

चिकित्सेच्या चतुष्पादात उपस्थात्याचे चार गुण सांगितले आहेत: उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णावर अनुराग आणि शुचिता. गुरुजींच्या ठिकाणी अनुराग होता; बाकीचे तीन ते वयाच्या साठीनंतर शिकले. शाळेच्या हजेरीपटासारखी त्यांनी एक वही आखली होती. तारीख, वेदना दहापैकी किती, झोप, मलप्रवृत्ती, किती खाल्ले, कुठवर चालली. ‘आज उंबऱ्यापर्यंत’, ‘आज तुळशीपर्यंत’. मुंबईच्या तज्ज्ञांनीही ती वही दर वेळी मागून घेतली. मात्रा बदलण्याचे दोन निर्णय तिच्या आधारे झाले.

परंतु उपस्थाताही माणूस असतो. बाईंच्या प्रत्येक भेटीत मी गुरुजींचा रक्तदाब पाहत असे. २०२१ मध्ये तो बराच वाढलेला आढळला. आपली स्वतःची गोळी त्यांनी ‘हिच्या गडबडीत’ कित्येक दिवस घेतली नव्हती. शुश्रूषा करणाऱ्याची झोप, आहार आणि औषध हा रुग्णाच्या चिकित्सेचाच भाग समजावा. आठवड्यातून एक दुपार बहिणीने बाईंजवळ बसावे आणि गुरुजींनी भजनाला जावे, अशी व्यवस्था बाईंनीच लावून दिली.

वेदना आणि निरोप

२०२३ मध्ये व्याधी यकृतात पोहोचला. वेदनेसाठी मॉर्फीन सुचविले गेले तेव्हा गुरुजी बिचकले. व्यसन लागेल, आणि मॉर्फीन म्हणजे शेवट, या दोन्ही समजुती त्यांच्या मनात होत्या. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, वेदनेच्या प्रमाणात दिलेल्या मॉर्फीनचे व्यसन लागणे क्वचितच घडते, हे त्यांना समजावून सांगावे लागले. मात्र मलावष्टंभ जवळजवळ निश्चित होतो. म्हणून पहिल्या दिवसापासून त्याची योजना हवी. २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापरासाठी मॉर्फीन मिळविण्याची प्रक्रिया सुलभ करण्यात आली. मुंबईत वांद्रे येथील शांती अवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारजे येथील उपशामक केंद्र १९९७ पासून अशा रुग्णांची सेवा करीत आहे. उपशामक उपचार म्हणजे चिकित्सा सोडणे नव्हे. याप्याची चिकित्सा अखेरपर्यंत नेणे होय.

त्याच वर्षी श्रावणात, घरी, गुरुजी व मुलगी जवळ असताना बाई गेल्या. पुनरुद्भवानंतर साडेचार वर्षांनी. तेराव्याला कोणीतरी म्हणाले, “एवढं देवाचं केलं, काय मिळालं?” गुरुजींनी उत्तर दिले नाही, घरात जाऊन वही आणली आणि त्या गृहस्थांच्या हाती दिली.

त्या वहीत चमत्कार नाही. रुग्णालयाच्या औषधांनी व्याधीला आवर घातला; त्याचे श्रेय आयुर्वेदाने किंवा व्रतांनी घेण्याचे कारण नाही. परंतु ती औषधे एकही दिवस न चुकविता घेतली गेली, अन्न पोटात गेले, रात्री झोप लागली आणि दोन माणसे एकमेकांशी खरे बोलत राहिली, यात त्यांच्या श्रद्धेचा आणि आपल्या शास्त्राचा वाटा निश्चित आहे.

आपल्या व्यवसायबंधू-भगिनींना म्हणून एवढीच विनंती. पूर्वी कर्करोग झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर ते ठळक अक्षरांत, निदानाच्या वर्षासह नोंदवून ठेवावे. पुढे तो कंबरदुखीसाठी आला तरी ती नोंद आपल्या डोळ्यांपुढे असेल. रुग्णालयाच्या औषधांची यादी मागून घ्यावी आणि आपली यादी तज्ज्ञांना द्यावी. पतिपत्नींना निदान एकदा तरी एकत्र बसवावे. आणि रुग्णाने ‘बरा होईन का?’ असे विचारले तर येत्या महिन्यात त्याला काय करावयाचे आहे, हे त्याला विचारावे. उत्तर बहुधा आपल्या आवाक्यातले असते: नातवाचे बारसे, शेतावरची एक फेरी, एखादी पुनव. तेवढ्या काळापुरता टेकू भक्कम करणे हे आपल्या हातात आहे आणि ते आपण करावे.